त्याच्यासमोर शिजवलेलं

त्या दिवशी सकाळी आम्ही दोघांनी कूलरची खस, म्हणजे जाळीतलं वाळ्याचं गवत, बदलली. चैत संपत आला होता अन् हुडकेश्वरच्या आमच्या घराचा स्लॅब सकाळपासूनच तापत होता. मी कूलरच्या तिन्ही जाळ्या काढून आंगणात भिंतीला टेकवल्या. बायको खाली बसून जुनी खस ओढून काढत होती. मागच्या साली बदलली नव्हती, त्यामुळं काळी पडून कुजली होती. तिला शिंका येत होत्या अन् दर शिंकेला ती माझ्याकडं असं पाहत होती जशी ती खस मीच कुजवली.

नवीन खस भरून मी पहिली जाळी बसवली तर ती एका कोपऱ्यातून बाहेर आली. पुन्हा ठोकली, पुन्हा बाहेर.

"सारी जिंदगी लाकडं चिरली अन् एक जाळी धड बसवता येत नाही तुम्हाले."

"जाळी वाकडी आहे वं."

"जाळी नाही वाकडी. तुमची नजर वाकडी आहे."

"याच नजरेनं तुले पसंत केलं होतं."

"तेच म्हणून राहिली मी."

तोंडाला पदर लावून हसली. मग उठली, माझ्या हातातून हातोडी घेतली अन् दोन ठोक्यात जाळी बसवली. मी पाणी भरलं, कूलर सुरू केला. ओल्या खसेचा वास घरभर झाला. "आता झोप येईल चांगली," म्हणाली. मग म्हणाली, "भात टाकाचा आहे पोराले. पण जरा पडते आधी. आंग भारी लागून राहिलं." मी म्हटलं, पड. अन् मी आंघोळीला गेलो. पाठीला खसेचा कचरा खाजत होता म्हणून जरा जास्तच वेळ पाणी घेतलं.

बाहेर आलो तर पोरगा मोरीच्या दारात उभा होता. पोरगा म्हणतो, पण तो चाळिशीला टेकला आहे. डोक्यावरचे केस माझ्याहून जास्त गेले. तो असा येऊन कोणासमोर उभा राहत नाही. त्याची जागा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर.

"बाबा," म्हणाला, "भात नाही झाला."

"होईल ना. झोपली असंल ती."

"भात नाही झाला," तो पुन्हा म्हणाला. तोच आवाज, तेच तोंड.

मी आत गेलो. ती कूलरसमोर कुशीवर पडली होती. हवेनं केस हलत होते म्हणून मला वाटलं जिवंत आहे. हात लावला तर कळलं. गल्लीच्या तोंडावरचे डॉक्टर आले, त्यांनी डोळे पाहिले, कानातली नळी छातीला लावली अन् म्हणाले, काका, झोपेतच गेल्या. मी कूलर बंद केला. काहून बंद केला, ते मला अजूनही सांगता येत नाही.

आता पोराचं सांगतो, नाहीतर पुढचं कोणाला समजणार नाही.

तो आयटीआयला जात होता, फिटरचं शिकत होता. दिसायला बरा, बोलायला तेज. मिसरूड फुटलं अन् मग हळूहळू त्याचं बोलणं कमी होत गेलं. आधी मित्र सुटले. मग आंघोळ सुटली. मग तो सांगायला लागला की पंख्यातून माणसं बोलतात अन् त्याच्या जेवणात काहीतरी टाकतात. मी लकडगंजला आरामशीनवर होतो, दिवसभर करवतीच्या आवाजात राहायचो. घरी आलो की मला तसंही अर्धं ऐकू यायचं नाही. पंख्यातून माणसं बोलतात म्हणतो तर मी उठून पंखा बंद केला. तो म्हणाला, आता भिंतीतून बोलून राहिले. तिथंच मी हरलो. भिंत कशी बंद करू?

गल्लीत कोणी म्हणे बाहेरचं आहे, कोणी म्हणे लगन करून द्या. माझा साळा, म्हणजे तिचा मोठा भाऊ, एका बाबाजवळून अंगारा घेऊन आला. त्यानं ना मला विचारलं, ना बहिणीला. आमच्याकडं जेवायला बसला अन् हळूच वरणात चिमूट टाकली. माणूस वाईट नाही. भाच्यासाठी जीव तुटत होता त्याचा, म्हणून टाकली. पण पोरानं वरणावर तरंगणारी राख पाहिली.

आता पाहा. पोराच्या डोक्यात कोणीतरी दिवसरात्र सांगत होतं की तुझ्या जेवणात काही टाकतात. आम्ही सगळे म्हणत होतो, नाही रे बाबू, कोणी नाही टाकत. अन् खरंच टाकलेलं निघालं. त्या दिवशी आम्ही खोटे ठरलो अन् भिंत खरी ठरली. त्यानंतर त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी शिजताना न पाहिलेलं काही तोंडात घातलं नाही. लग्नातलं नाही, देवळातलं नाही, बहिणीच्या घरचं नाही.

पुढं मोठ्या सरकारी दवाखान्यात नेलं. आजाराला नाव मिळालं, स्किझोफ्रेनिया. मला ते बोलता यायला एक पावसाळा लागला. गोळ्या सुरू झाल्या. मधात महिन्याचं इंजेक्शन देऊन पाहिलं, तर त्याची मान एका बाजूला आखडली अन् जीभ जड झाली, म्हणून ते बंद करून पुन्हा गोळीवर आणलं. गोळीनं भिंतीचा आवाज कमी झाला, त्याचं त्यानंच सांगितलं. पण पोरगा परत आला नाही. बसला की बसलेला. उठ म्हटलं की उठतो, पण मधात इतका वेळ जातो की वाटते त्याला ऐकू नाही गेलं. हसायच्या जागी हसत नाही, रडायच्या जागी रडत नाही.

डॉक्टरीणबाई होत्या, माझ्या पोरीच्या वयाच्या. एकदा तिनं, म्हणजे माझ्या बायकोनं, त्यांना सरळ विचारलं, "मॅडम, गोळ्या चालू आहेत, आवाज बंद आहेत, मग हा असा काहून? याचं मन कुठं गेलं?"

बाईंनी दोन्ही हात वर केले, बोटं बोटांसमोर आणली पण टेकवली नाहीत. म्हणाल्या, "मेंदूत अशा फांद्या असतात आई. एक फांदी दुसरीला चिकटलेली नसते, मध्ये बारीक जागा असते. तिथूनच एकीचा निरोप दुसरीकडे जातो. त्या जागेला सायनॅप्स म्हणतात. जोड समजा. लहान लेकराच्या डोक्यात असे जोड गरजेपेक्षा जास्त असतात. वयात येताना मेंदू नको असलेले जोड काढून टाकतो. तुमचे काढले, माझे काढले, सगळ्यांचेच काढतो. साफसफाई समजा. या आजारात ती सफाई जास्त होते, कामाचे जोडही जातात, आणि जे उरतात ते नीट चालत नाहीत, असं आता बऱ्याच डॉक्टरांना वाटतं. अजून पुरतं कळलेलं नाही. पण म्हणून त्याला साधं उठायचं, बोलायचं, तेही जड जातं. तो आळशी नाही."

मी विचारलं, "गोळी जोड लावते का?"

"नाही बाबा. गोळी आवाज कमी करते. जोड लावणारी गोळी अजून कोणाजवळच नाही."

खरं बोलल्या म्हणून मला त्या बाईचा राग आला नाही. पण दुसऱ्याच कोणाचा तरी आला. कोणाचा, ते सापडलं नाही. दुरुस्त करणारा मिस्तरीच नाही म्हटल्यावर भांडायचं कोणाशी?

मी उठायला लागलो तर ही उठेना. खुर्चीच्या कडेला हात घट्ट धरून म्हणाली, "मॅडम, एक विचारू? हा पोटात होता तवा गिरहण लागलं होतं. मले माहीत नोतं. मी वांगे चिरले त्या टायमाले. याच्या डोक्यातलं तवाच तर नाही कापल्या गेलं?"

आमच्यात गरोदर बाईनं ग्रहणात काही कापायचं नसते, लेकराचं आंग कापल्या जाते म्हणतात. माझ्या आईनं तिला त्यावरून तेव्हा दोन दिवस बोलून दाखवलं होतं. पोरगा जन्मला, हातपाय, ओठ, कान सगळं साबूत, मग आम्ही सगळे विसरलो. ती विसरली नव्हती. इतकी वर्षं पोराचं डोकं विंचरताना ती काय पाहत होती ते मला त्या खुर्चीत बसून समजलं. आता डॉक्टरीणबाईंनीच सांगितलं की जोड जातात, तर तिचा हिशोब जुळला. तिला वाटलं, घ्या, सापडलं.

बाई उठून तिच्याजवळ आल्या. खांद्यावर हात ठेवला. "नाही आई. वांगी चिरल्यानं काहीच होत नाही. तुमच्यामुळं झालेलं नाही हे. कोणामुळंच नाही."

परत येताना आटोत ती माझ्याजवळ सरकून बसली. मग म्हणाली, "खरं बोलली असंल का हो ती?"

"तिले काय पडली खोटं बोलाची?"

"माझं मन राखाले."

मी सात बुकं शिकलेला माणूस. ती डॉक्टरीण तिला पटवू शकली नाही तर मी कुठला पटवतो! पण त्यानंतर तिनं विळी वापरणं सोडलं. भाजी मला चिरायला लावायची, नाहीतर हातानं मोडायची. मी एकदा म्हटलं, आता कुठं तू गरोदर आहेस? तर म्हणाली, "तुम्ही चिरा चूपचाप."

त्याच डॉक्टरीणबाईंनी एक गोष्ट सांगितली होती ती मात्र तिनं पक्की धरली. रोजचं काम एकाच रीतीनं करत जा, त्याला सोपं जाईल. मग तिनं जेवणाची रीत बांधली. तो उंबऱ्यावर बसायचा, ती त्याच्यासमोर शिजवायची. तेल टाकलं की म्हणायची, हे पाह्य बाबू, तेल. हे पाह्य, हळद. हे मीठ. डब्याचं झाकण काढून आधी त्याला दाखवायची. शिजलं की पहिला घास स्वतः खायची, गिळायची, तोंड उघडून दाखवायची. मग तो जेवायचा. जेवला की गोळीचं पाकीट त्याच्यासमोर फोडायची, तो स्वतः उचलून घ्यायचा. ती घरी असताना एकही दिवस चुकला नाही. ताप असला तरी नाही, पोरीच्या लग्नात नाही. मांडव बाहेर भरला होता अन् ही आत बसून हे पाह्य तेल, हे पाह्य हळद.

मी याला कधी हात लावला नाही. मला वाटायचं, हे तिचं खातं आहे.

एकदा ती माहेरी अडकली होती, तिची आई गेली तेव्हा. पोराच्या गोळ्या सुटल्या. थोड्याच दिवसात तो घरातून निघून गेला. सावनेरला बहीण दिली आहे, तिच्याकडं पायी निघाला होता म्हणे. कोळशाच्या ट्रकांच्या त्या रस्त्यावर सापडला, पायात चप्पल नाही, ओठ उन्हानं फाटलेले. बहिणीचं गाव मागं राहून गेलं होतं अन् तो चालतच होता. म्हणून आमच्या घरात गोळी सुटणं म्हणजे काय ते आम्हाला कोणी सांगायची गरज नव्हती.

तर ती गेली त्या दिवशी पोरानं सकाळच्या पोह्यांशिवाय काही खाल्लं नव्हतं.

पोरगी सावनेरहून आली, साळा आला, नातलग आले. ऊन उतरता उतरता तिला नेलं. पोरानं मडकं धरलं. मामानं दंडाला धरून चालवलं तसा चालला, फिर म्हटलं तिथं फिरला. डोळ्यात थेंब नाही. निघताना दारातल्या बायका बोलल्या ते मला ऐकू आलं, "मायेनं हाडाची काडं केली याच्यापाई, अन् पाह्य, जसा काही दुसऱ्याच कोणाच्या मयतीत आला." मी वळलो नाही. मला तरी कुठं माहीत आहे त्याच्या आत काय चाललं होतं. रडू त्याच्यापर्यंत पोचत नव्हतं की त्याच्यापासून आमच्यापर्यंत पोचत नव्हतं, हे सांगणारा कोण आहे?

घरी आलो तर बायकांनी पाणी टाकून सगळं घर धुतलं होतं. आमच्यात तिसऱ्या दिवसापर्यंत घरची चूल पेटत नाही. जेवण सोयऱ्यांकडून येते. पहिलं जेवण तिच्या माहेरचं, त्याला कडू घास म्हणतात. साळ्याच्या घरून पिठलं, भाकरी अन् भात आला. साळ्यानं पहिला घास माझ्या तोंडात दिला. मी गिळला. मग पोरीला दिला. मग पोराकडं वळला.

"घे बाबू. मायेच्या नावाचा घास आहे."

पोरानं तोंड मिटलं.

"घे रे. घ्यावं लागते."

"मी नाही पाहिलं."

"काय नाही पाहिलं?"

"शिजवलं ते."

"अबे, मामीनं शिजवलं! तुझ्या मामीनं! तिच्यावरबी भरवसा नाही का?"

पोरगा मामाच्या हाताकडं पाहत होता. मामाला अंगाऱ्याचं आठवलं की नाही देव जाणे. मग त्यानं एका हातानं पोराची हनुवटी धरली अन् घास आत ढकलला. पोरानं तो थुंकला. भाकरी मामाच्या पांढऱ्या धोतरावर पडली. बसलेल्यांतून कोणीतरी म्हणालं, "आज तरी नाटकं सोड बे."

त्याला नाटक करता आलं असतं तर आम्ही पेढे वाटले असते.

पोरीनं पाणी अन् गोळी घेऊन पाहिलं. "बाबू, निदान गोळी तरी घे ना. आईनं काय म्हटलं असतं?"

"गोळी आई देते."

"आई..."

"माहीत आहे," तो म्हणाला. "आई मेली. गोळी आई देते."

पोरगी भिंतीकडं तोंड करून बसली. मी जागचा उठलो नाही. उठून काय केलं असतं?

साळा धोतर झटकून माझ्याजवळ येऊन बसला. हळू आवाजात म्हणाला, "भाऊजी, राग नका मानू. ती होती तवर चाललं. आता तुमच्यानं नाही होणार. तुम्हाले चहा करता येत नाही. उद्या सकाळी मी गाडी सांगतो, याले मेंटलमधी भरती करून टाकू. तिथं नाही खाल्लं तर नाकातून नळी टाकतात, पण उपाशी नाही मरू देत."

"परत कधी आणाचं?"

तो खिशात फोन चाचपू लागला. मी पुन्हा विचारलं नाही. तो चुकीचं काही बोलत नव्हता, तेच तर वाईट होतं. मला खरंच चहा करता येत नव्हता. मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. त्यानं ते हो धरलं अन् फोन लावायला बाहेर गेला.

पोरगा उंबऱ्यावर बसून होता. त्याच्यासमोर रिकामं स्वयंपाकघर.

सकाळी मी उठलो तेव्हाही तो तिथंच होता. झोपला होता की नाही, माहीत नाही. ओठ कोरडे. मला पाहून त्यानं पाय जरा आत घेतले, जागा दिली. तेवढ्यानं मी आत गेलो. काही ठरवलं नव्हतं.

डबे पाहिले. सगळे डबे एकसारखे. आता मला तांदळाचा डबा डोळे मिटून सापडतो, पण त्या दिवशी पहिल्या डब्यातून साखर निघाली, दुसऱ्यातून बेसन. आवाजानं पोरगी उठून आली.

"बाबा, काय करून राहिले?"

"खिचडी."

"बाबा, तिसऱ्यापर्यंत चूल नाही पेटवत. मामा काय म्हणंल? लोक..."

"पेटवली तर ती परत मरते का?"

माझं बोलणं असंच आहे, त्याला इलाज नाही. मग तिनंच तूरडाळीचा डबा काढून माझ्या हातात दिला अन् बाजूला सरली. मी म्हटलं, तू करू नको, मलाच करू दे, तू उद्यापरवा आपल्या घरी जाशील. तिनं मान हलवली.

शेगडी ओट्यावर होती. मी पेटवली, पातेलं ठेवलं, तेल टाकलं. "हे पाह्य बाबू, तेल." माझ्याच कानाला तो आवाज कसा तरी वाटला. हळद टाकली, तांदूळ, डाळ, मीठ टाकलं, पाणी टाकलं. शिजेपर्यंत तिथंच उभा राहिलो. ताटात वाढलं, पहिला घास खाल्ला, गिळला, तोंड उघडून दाखवलं. माझ्या तोंडात दात किती उरले तेही त्याला दिसलं असंल. ताट त्याच्यासमोर ठेवलं.

तो ताटाकडं पाहत राहिला.

"मले नाही दिसलं," म्हणाला.

"अरे, तुझ्यासमोर तर केलं!"

"पाठ दिसली."

तेव्हा ध्यानात आलं. ओटा बांधून आमच्याकडं बरीच वर्षं झाली, पण तिनं शेगडी कधी त्यावर ठेवली नाही. खाली जमिनीवर ठेवून, उंबऱ्याकडं तोंड करून बसायची. मी तिला म्हणत होतो, कंबर जाईल तुझी, हजारो रुपये घालून ओटा बांधला तो काय मांजर बसवायला? ती ऐकायची नाही. काल घर धुताना बायकांनी शेगडी उचलून वर ठेवली होती, अन् मी ती तशीच वापरली. भिंतीकडं तोंड, पोराकडं पाठ. एवढा मोठा माणूस मधात उभा, त्याला माझ्या बंडीशिवाय काय दिसणार?

बाहेर साळ्याचा आवाज आला, गाडीवाला अर्ध्या रस्त्यात आहे म्हणून कोणाला तरी सांगत होता.

मी शेगडी बंद केली. पोरीनं सिलिंडर सरकवलं, मी शेगडी उतरवून खाली ठेवली, उंबऱ्यासमोर. माझे गुडघे वाकत नाहीत, म्हणून एक पाय लांब करून, भिंतीला टेकून कसाबसा बसलो. पातेलं त्याच्या डोळ्यासमोर धुतलं. तेल दाखवलं. डाळ दाखवली, तांदूळ दाखवले, मुठीतून हळूहळू सोडले. मीठ दाखवताना "हे मीठ" म्हणायचं राहिलं, नुसतंच दाखवलं अन् टाकलं. मग आठवेना की टाकलं का. पुन्हा टाकलं.

साळा दारात येऊन उभा राहिला होता. शेगडी पेटलेली पाहून त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या, पण तो तिथंच दाराला टेकला. पातेलं खदखदलं, खिचडी शिजली.

वाढलं. पहिला घास मी घेतला. तोंड वाकडं होऊ दिलं नाही, पण खिचडी मिठानं कडू झाली होती. गिळला. तोंड उघडून दाखवलं. ताट पुढं सरकवलं.

पोरानं ताटाकडं पाहिलं, मग पातेल्याकडं, मग माझ्याकडं. त्याचा हात निघाला. घासाकडं नाही गेला, पाण्याच्या गिलासाकडं गेला. ते पाणी मी त्याच्यासमोर माठातून काढलं होतं. तो गटागटा प्यायला. सारा गिलास.

मग म्हणाला, "मीठ दोनदा टाकलं तुम्ही."

"तुले कसं समजलं? तू तर खाल्लं नाही."

"पाहिलं ना."

दारात हॉर्न वाजला. साळा माझ्याकडं पाहत होता, काय करू म्हणून. या खेपेलाही पोरगा खाईल की नाही, अन् नाही खाल्लं तर मी काय करीन, यातलं मला काहीच माहीत नव्हतं.

"गाडीवाल्याले थांबाले सांग जरा," मी म्हटलं.

अन् ती खिचडी बाजूला काढली, पातेलं धुतलं, पोराला आतून दाखवलं अन् पुन्हा तांदूळ मोजायला घेतले.